चाळीस वाट्या

जीपमधून दोन माणसं उतरली आणि त्यांनी सगळ्यात आधी वाशाला टांगलेला काटा सोडवायला घेतला. माझी बायको तेव्हा चुलीवरचं मोठं पातेलं ढवळत होती. तिला वाटलं, दुरुस्तीला नेत असतील. तिने स्वतःच स्टूल आणून दिलं, वर "हुक गंजलाय, हात जपा" असंही सांगितलं. मग त्यांनी वजनाची झोळी घडी करून घेतली, नोंदीची वही घेतली, धान्याची तीन पोती जीपमध्ये टाकली आणि वाट्या मोजल्या. चाळीसच्या चाळीस भरल्या. ड्रायव्हरने तिच्या हातात एक पाकीट दिलं आणि सही मागितली. पातेलं तेवढं त्यांनी ठेवलं, कारण ते गरम होतं.

मी खाणीवर होतो. हे सगळं मला तिने संध्याकाळी सांगितलं, आणि त्यातलं स्टुलाचं तीनदा सांगितलं.

"मीच दिलं हो स्टूल. वर चढायला मीच दिलं."

पाकिटातला कागद तिने माझ्यापुढे धरला. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, पण असला कागद असला की मला वाचायला लावते. मी वाचला. 'दोन वर्षांच्या नोंदींचा शास्त्रीय अभ्यास केला असता या केंद्रातील मुलांच्या वजनात लक्षणीय वाढ आढळून आलेली नाही. सबब हे केंद्र बंद करण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

"लक्षणीय म्हणजे?"

"डोळ्यांत भरण्यासारखी."

"मग यांचे डोळे कुठे होते?" ती म्हणाली, आणि उठून पातेलं घासायला घेतलं. ते आधीच घासलेलं होतं.

आमच्या गावात दोन वर्षं पाऊस नावापुरता झाला होता. विहिरींचे तळ दिसत होते. शेतात पेरायला काही अर्थ नव्हता, म्हणून गावातले निम्मे लोक खाणीत खडी फोडायचे आणि उरलेले लांब कुठेतरी निघून गेले होते. संस्थेने केंद्र काढलं ते याच काळात. वाळलेल्या पोरांना रोज सकाळी एक वाटी दाट पेज, दूध घालून. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन. वाट्या चाळीस होत्या, पत्र्याच्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला खिळ्याने ठोकलेला नंबर. वाटीचा नंबर तोच पोराचा नंबर. केंद्र आमच्याच घरात, आणि बायको सगळं बघायची. गावात तिला 'काटेवाली' म्हणायचे. तिला ते आवडायचं.

संस्थेच्या ऑफिसची माणसं पोरांची पेज नव्हतीच बघत कधी, काटाच बघायची, असं मी म्हणायचो. ती मला गप्प करायची. म्हणायची, काट्याशिवाय पेज येत नाही, तुम्हाला काय कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुठीची आजी नेहमीसारखी येऊन दारात बसली. मूठ म्हणजे तिची नात. आई बाळंतपणातच गेली, बाप कामाला म्हणून गेला तो गेलाच. पोर आली तेव्हा सात महिन्यांची होती आणि मुठीएवढी होती, म्हणून मूठ. आली तेव्हा चार किलो दोनशे. केंद्र बंद झालं तेव्हा अकरा महिन्यांची झाली होती, पाच किलो सहाशे. ही वजनं मला पाठ आहेत, कारण आमच्या घरात जेवताना हेच बोलणं चालायचं. कोणाकोणाच्या घरात पावसाचं बोलतात, आमच्याकडे मुठीचं.

बायकोने आपल्या घरची मूठभर कणी शिजवून तिला दिली. चौथ्या दिवशी धान्याचा डबा रिकामा वाजला. मग बायको माझ्याबरोबर खाणीवर यायला लागली.

खाणीवर बायका बसून खडी फोडतात. डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्या हाताने हातोडी. डोक्याला फडकं, पायावर पोत्याचा तुकडा, नाहीतर कपच्या मांडीत घुसतात. पहिल्या दिवशी मुकादमाने तिला बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय काटेवाल्या बाई, आता दगडांची वजनं वाढवायला आलात?" लोक हसले. मीही थोडा हसलो. मुकादम बोलला की हसावं लागतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती.

आठवड्याभरात तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. दुपारी सावली म्हणून काही नसायचं. पाण्याचा टँकर आला की लोक हातोड्या टाकून पळायचे आणि मुकादम तेवढा वेळ कापून घ्यायचा. ती हातोडी चालवताना ओठ हलवायची. मला वाटलं, शिव्या देते. जवळ जाऊन ऐकलं, तर पोरांची नावं म्हणत होती.

माझा धाकटा भाऊ त्याच महिन्यात सुटीवर आला.

त्याच्याबद्दल सांगायला पाहिजे. लहानपणापासून त्याला मोजायचा नाद. शहरात तो विमा कंपनीत आहे. कोणत्या वयाचा माणूस साधारण कधी मरेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून कंपनीला आकडा सांगायचा, हे त्याचं काम. मी त्याला म्हणायचो, "यमाच्या हाताखाली कारकून झालास." तो हसायचा. मनाने चांगला आहे, अगदी फार चांगला. त्याच्यासारख्या दहाबारा जणांचा एक गट आहे. संस्थांकडे आकडे पडून असतात आणि ते वाचायला माणूस नसतो, म्हणून हे लोक रविवारी बसून त्यांचं काम फुकट करून देतात. चहासुद्धा घेत नाहीत. मागच्या सुटीत हे सांगताना त्याचा चेहरा नुसता फुलला होता. बायकोने त्याची दृष्टसुद्धा काढली असती.

या वेळी तो आला तेव्हा ती चुलीपुढे पाठ करून बसली होती. त्याने तिचे हात बघितले.

"वहिनी, हे काय? तुम्ही खाणीवर जाता?"

"केंद्र बंद झालं, भाऊजी."

"कोणी बंद केलं? असं कसं बंद करतील? कागद दिला असेल ना काही? दाखवा मला. मी बोलतो त्यांच्याशी, मला माहीत आहेत अशा संस्था."

त्याचा आवाज चढला होता. मला बरं वाटलं. घरात कोणीतरी आपल्या बाजूने चिडलेलं बघून फार दिवस झाले होते. मी फळीवरचा कागद काढून दिला.

त्याने उभ्या उभ्या वाचला. मग खाली बसला. मग पुन्हा वाचला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी मार खायच्या आधी व्हायच्या तशा.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे वाक्य माझं आहे, दादा."

मला कळलं नाही. बायकोला कळलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि वळून बसली.

त्याने मग एकेक सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी या संस्थेने त्यांच्या गटाकडे आठ केंद्रांचे आकडे पाठवले होते. गावांची नावं काढून टाकलेली. केंद्र एक, केंद्र दोन, अशी. पोरांचीही नावं काढलेली, कारण कोणाचं पोर किती वाळलंय हे बाहेर जाऊ नये. ते बरोबरच आहे, असं तो दोनदा म्हणाला. राहिले होते ते फक्त नंबर आणि वजनं. केंद्र सात त्याच्या वाट्याला आलं. त्यात चाळीस मुलं होती, चोवीस महिने. त्याने सगळं तपासलं. सरासरी पहिल्या महिन्यात जिथे होती, चोविसाव्या महिन्यातही तिथेच होती.

"सात म्हणजे आपलं गाव?" मी विचारलं.

"मला काय माहीत, दादा! नावच नव्हतं."

"दाखवा," बायको म्हणाली.

त्याने संगणक उघडला. ती हात पदराला पुसून त्याच्या शेजारी बसली. पडद्यावर चाळीस रेघा होत्या, वर जाणाऱ्या, एकदम खाली पडणाऱ्या, पुन्हा वर जाणाऱ्या. तिने एका रेघेजवळ बोट नेलं, पण काचेला लावलं नाही.

"हा कितवा?"

"सतरा."

"सतरा," ती म्हणाली. "सतरा आधी लोहाराचा मुलगा होता. सात महिन्यांत नऊ किलो आठशे झाला, चालायला लागला, म्हणून काढला त्याला. इथपर्यंत तो. इथून पुढे चार किलो दोनशे, ही मूठ."

तिने बोट दुसऱ्या रेघेकडे नेलं.

"हा पाच ना? पाचात तीन पोरं झाली. पहिली वीटभट्टीवाल्याची मुलगी, बरी झाली. दुसरा पोरगा, त्याचे आईबाप गाव सोडून गेले. तिसरी इथे सुरू होते. बघा, इथे." ती थांबली. "वाट्या चाळीस होत्या, भाऊजी. पोर बरं झालं की वाटी दुसऱ्याला. नवा नंबर कुठून आणायचा? नंबर वाटीला ठोकलेला."

"म्हणजे बरं झालेलं पोर बाहेर जायचं आणि त्याच्याच नंबरात वाळलेलं यायचं."

"मग काय! बऱ्या पोराला कशाला पेज?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही दोघं बघत राहिलो. जितकी पोरं बरी झाली तितक्या वेळा रेघ खाली पडली होती. एकही पोर पुरतं बरं होऊन बाहेर पडलं नसतं, नुसतं थोडंथोडं वाढत राहिलं असतं, तर त्याच्या कागदावर केंद्र यापेक्षा बरं दिसलं असतं. हे मला नंतर त्याने समजावलं, आणि समजलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुम्हाला या उड्या दिसल्या नाहीत?" तिने विचारलं.

"दिसल्या. मी ऑफिसला विचारलं होतं, वहिनी. ते म्हणाले, नोंदी गावातल्या बायका करतात, फारशा शिकलेल्या नसतात, चुका होतात." तो जमिनीकडे बघत होता. "मी तसं लिहिलं अहवालात. नोंदींचा दर्जा शंकास्पद, म्हणून."

दोन वर्षांत तिने वहीत एक खाडाखोड केली नव्हती. झोळी ओली असेल तर ती वाळेपर्यंत थांबायची. पोर रडून हलत असेल तर त्याला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारायची, शांत झालं की मग टांगायची. हे मी बघितलंय. मी भावाला मारलं असतं, पण त्याचा चेहरा बघून हात उचलला नाही.

बायको उठली. "जेवून घ्या," म्हणाली. त्याला तिने वाढलं, आणि स्वतः त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तालुक्याच्या गावी संस्थेच्या ऑफिसात गेलो. मी खाणीचा खाडा केला. सकाळी नऊला पोचलो आणि दुपारी तीनपर्यंत बाकावर बसलो. बायकोने धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि हात पदराखाली ठेवले होते. समोरच्या भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो होते. त्यातला एक आमच्याच केंद्रातला होता; तिने मला खुणेने दाखवला.

संस्थेच्या मॅडम फार गोड बोलल्या. भावाला बघून खुर्चीवरून उठल्या. "तुम्ही आमचं केवढं काम करून दिलंत! तेही विनामूल्य. तुमच्या अहवालामुळे आम्हाला पहिल्यांदाच ठाम निर्णय घेता आला."

"तो चुकलाय, मॅडम," भाऊ म्हणाला. त्याने सगळं समजावलं. वाट्या, नंबर, बरी झालेली पोरं. चांगलं समजावलं. मला सगळं कळलं, तर त्यांना कळायला हरकत नव्हती.

"अगदी शक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "पण देणगीदारांनी तुमचा अहवाल स्वीकारलाय. पैसा दुसरीकडे वळलासुद्धा. तुम्ही दुरुस्त अहवाल द्या, मी पुढे ठेवते." मग बायकोकडे वळल्या. "ताई, तुम्ही नवीन पोराला नवीन नंबर का नाही दिलात? एवढं साधं होतं."

"वाट्या चाळीसच पाठवल्या होत्या तुम्ही," बायको म्हणाली.

मॅडम हसल्या. "बरोबर आहे," म्हणाल्या, आणि कुठेतरी लिहून घेतलं.

"वही आमच्याकडे द्या," भावाने मागितली. "त्यात नावं आहेत."

वही सापडली नाही. गोडाऊनमध्ये असेल म्हणाले.

भाऊ सुटी अर्धी टाकून शहरात परतला. त्यानंतर महिनाभर दुपारच्या जेवणाच्या सुटीत खाणीवर माझा फोन वाजायचा, आणि मी तो बायकोच्या हातात द्यायचो. ती दगडावर बसायची, एका हातात भाकरीचा तुकडा, एका हातात फोन. तो तिकडून नंबर सांगायचा, ती इकडून पोर सांगायची.

"बावीस? बावीस आधी शिंप्याची धाकटी. चार महिने. मग जुळ्यातला एक... नाही नाही, दुसरा एकतीसमध्ये होता. हो, तो गेला. गेला म्हणजे वारला, भाऊजी. नाही, तारीख नाही आठवत. टँकर आला नव्हता त्या आठवड्यात."

बाजूच्या बायका चघळायच्या थांबायच्या. कोणाकोणाचं पोर त्या यादीत होतं. एकदा एक बाई उठून लांब जाऊन बसली. बायकोने तिच्याकडे बघितलं, आवाज खाली केला, पण सांगायची थांबली नाही. भोंगा झाला की मुकादम ओरडायचा, "काटेवाली, दगड वाट बघतायत!"

अशी मिळून एकशे त्रेसष्ट पोरं झाली. केंद्र बंद झालं तेव्हा चाळीस होती. नऊ वारली. अकरांचे आईबाप गाव सोडून गेले. एकशे तीन बरी होऊन बाहेर पडली. हे आकडे भावाने मला फोनवर सांगितले. "दादा, वहिनीचं केंद्र आठांत सगळ्यात चांगलं होतं रे." मी म्हणालो, "हे मला सांगू नकोस. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

त्याने सांगितलं. उत्तर यायला दोन महिने लागले. तोवर उन्हाळा वर आला होता. खाणीच्या तळाचा दगड इतका तापायचा की बायका आधी त्यावर पाणी शिंपडायच्या, आणि पाणी शिंपडलं म्हणून मुकादम ओरडायचा. बायकोच्या डाव्या हाताचं मधलं बोट हातोडीखाली सापडलं. नख गेलं आणि बोट निळं पडलं. चिंधी बांधून ती दुसऱ्या दिवशी आली. मुठीची आजी कधी येऊन दारात बसायची, कधी नाही. घरात जे असेल ते बायको द्यायची. कधी काही नसायचं, मग दोघी नुसत्या बसायच्या. मूठ रडायची बंद झाली होती. बायको म्हणायची, रडत होती तेच बरं होतं.

भाऊ उत्तर घेऊन स्वतः आला. हातात एक मोठी पेटी होती. ती त्याने ओट्यावर ठेवली. मी विचारलं, "काय झालं?"

"केंद्र पुन्हा सुरू करतायत," तो म्हणाला.

बायको आतून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी केंद्र बंद झाल्यापासून बघितलं नव्हतं.

"पण वहिनी, आधी ऐकून घ्या." तो बसला. "माझा दुरुस्त अहवाल त्यांनी वाचला. म्हणतात, हे सगळं एका बाईच्या आठवणीवर उभं आहे, आणि त्या बाईचीच नोकरी गेलेली. असं चालत नाही. त्यांना पक्का पुरावा पाहिजे. म्हणून आठही गावांत एक वर्ष नीट अभ्यास करायचा. सगळीकडे पोरांची वजनं घ्यायची, प्रत्येक पोराला स्वतःचा नंबर. चार गावांत पेज द्यायची आणि चार गावांत..." तो थांबला.

"चार गावांत काय?"

"नुसतं वजन."

मी म्हणालो, "आणि आपलं?"

"नुसतं वजन."

पेटीत काटा होता. नवा कोरा, बॅटरीवर चालणारा, आकडा लाल दिव्यात दाखवणारा.

"कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे संगणकावर. वशिला नको, कोणी आपलं गाव पुढे काढायला नको, म्हणून."

"कोणी टाकल्या?"

"मीच टाकल्या, दादा. तेच काम असतं आमचं."

"मग पुन्हा टाकायच्या होत्या!"

"तसं करता येत नाही."

"का नाही करता येत? खोलीत दुसरं कोण होतं?"

"कोणीच नव्हतं." तो रडत होता हे मला उशिरा दिसलं. "कोणीच नव्हतं, दादा. मी एकटा होतो. पण पुन्हा टाकल्या असत्या तर दुसरं कुठलं तरी गाव इकडे आलं असतं. आणि मग या सगळ्या अभ्यासाला काही किंमत राहिली नसती. यातून सिद्ध झालं की पेजेने फरक पडतो, तर पुढच्या वर्षी आठांनाच काय, पन्नास गावांना मिळेल."

बायको इतका वेळ काट्याकडे बघत होती. "सिद्ध कसं होणार?" तिने विचारलं.

"पेज मिळालेल्या गावांतली पोरं वाढली आणि न मिळालेल्या गावांतली..."

"वाढली नाहीत."

"हो."

"म्हणजे आमची पोरं वाळली, तर तुमचं म्हणणं खरं ठरणार."

मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"वजन घ्यायला माणूस पाहिजे," तो शेवटी म्हणाला. "मानधन पहिल्यापेक्षा जास्त आहे. मी तुमचं नाव दिलंय, वहिनी. तुमच्याइतकं चोख कोणी करणार नाही."

"दुसऱ्या कोणाला द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

आता जे सांगायचंय ते मला सांगायला नको वाटतं, पण दुसरं कोण सांगणार? भाऊ अंगणात बसला होता. मी आत गेलो. ती धान्याच्या रिकाम्या डब्याला टेकून बसली होती, बोटाची चिंधी सोडून पुन्हा बांधत होती. चिंधीला जखमेचं पाणी लागलं होतं.

मी म्हणालो, "जा."

तिने वर बघितलं.

"तू नाही गेलीस तर दुसरी कोणी जाईल. वजन तर होणारच आहे. पोरांना तसंही काही मिळणार नाही आणि असंही नाही. निदान तू खाणीतून सुटशील. हात बघ तुझा."

"तुम्ही सांगताय हे?"

"मी सांगतोय."

तिने चिंधीची गाठ दातांनी आवळली. मग म्हणाली, "बरं." भांडली असती तर मला परवडलं असतं.

पहिल्या सोमवारी काटा त्याच वाशाला टांगला. भाऊ दोन दिवस जास्तीचा थांबला होता, नवीन वहीचे रकाने समजावून द्यायला. मी खाणीचा अर्धा खाडा केला आणि दाराशी उभा राहिलो. काटा लागलाय हे गावात कळायला वेळ लागला नाही. बायका पोरं घेऊन आल्या. कोणी केस विंचरून आणली होती, कोणी तोंड धुऊन. सगळ्या रांगेत बसल्या आणि एकमेकींशी हसून बोलत होत्या. किती दिवसांनी. मला तिथे उभं राहवेना, पण जाताही येईना.

बायको एकेक पोर टांगत होती. लाल आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची, पोराला नाव घेऊन बोलायची, आकडा मोठ्याने म्हणायची. भाऊ लिहायचा. मुठीची पाळी आली. तिला झोळीत ठेवताना बायकोला दोन हात लागले नाहीत.

"पाच किलो शंभर," ती म्हणाली.

भावाने हात थांबवला. मागचं वजन त्याला माहीत होतं. तिच्याइतकंच पाठ होतं. त्याने लिहिलं.

आजीने मुठीला घेतलं आणि ती बाकीच्या बायकांसारखी भिंतीला टेकून सावलीत बसली. वजनं संपली. भावाने वही मिटली. एकही बाई उठली नाही. सगळ्यांची तोंडं आतल्या चुलीकडे होती. चुलीत सकाळची राख होती.

"आज उशीर होणार वाटतं," आजी म्हणाली. "होऊ दे. बसू आम्ही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिने भावाकडे बघितलं. तो वहीची पानं सारखी करत होता.

मग ती आजीपुढे जाऊन उकिडवी बसली. "आजी, पेज नाही यायची. आता नुसतं वजन आहे."

"उद्यापासून का?"

"उद्याही नाही. वर्षभर नुसतं वजनच."

आजीला ऐकू कमी येत नव्हतं. तिने मुठीच्या अंगावरचं फडकं नीट केलं, उठताना भिंतीचा आधार घेतला आणि बायकोला विचारलं, "मग पुढच्या सोमवारी कशाला आणू गं हिला?"

"पुढच्या सोमवारी नाही, आजी," भाऊ हळूच म्हणाला. "महिन्याने."